मराठी छापखान्याची गोष्ट कॅरीपासून सुरू होत नाही

‘पहिलं मराठी पुस्तक विल्यम कॅरीने १८०५ साली श्रीरामपूरला छापलं,’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. (कॅरी म्हणजे इंग्रज मिशनरी; आणि हे श्रीरामपूर बंगालमधलं, नगरचं नव्हे!) त्या वर्षी तिथे कॅरीचं मराठी व्याकरण निघालं, ते देवनागरी टायपात, एवढं खरं. पण मराठी मजकूर छापला गेला तो त्याच्या जवळपास दोनशे वर्षं आधी, गोव्यात.

१६१६ साली सासष्टीतल्या रायतूरच्या, म्हणजे राशोलच्या जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाच्या) छापखान्यात फादर थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. स्टीफन्स मूळचा इंग्रज. १५७९ साली गोव्यात आला आणि इथलीच भाषा शिकून बसला. नव्या ख्रिस्ती लोकांना पुराणं ऐकायची सवय होती, म्हणून बायबलची कथा त्याने पुराणाच्याच साच्यात ओतली: दहा हजारांवर ओव्या! वाचून दाखवायला, ऐकायला सोपी अशी रचना. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापलं गेलं.

मग घोळ कुठे झाला? लिपीत. देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईचे टाइप, नव्हते, त्यामुळे मजकूर रोमन अक्षरांत गेला. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही, ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे. त्यात १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांविरुद्ध फर्मान काढलं. संपूर्ण देवनागरी आवृत्ती पुण्यात १९५६ साली निघाली, शांताराम बंडेलूंच्या संपादनाखाली. तोवर कॅरीची गोष्ट पक्की झाली होती.