मर्यादा ठरते कुणाच्या पेल्यावरून?

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी असते, धार तुमच्या डोळ्यांदेखत काढली जाते आणि फेसाळलेला पेला उभ्या उभ्या संपवायचा असतो. या धारोष्ण दुधात किरणोत्सार असतो, आणि तो माणूस जन्मायच्या आधीपासूनचा आहे. दुधात पोटॅशियम असतं. त्यातला अगदी थोडा भाग पोटॅशियम-40 या किरणोत्सारी रूपात असतो. एका ग्रॅम पोटॅशियममध्ये दर सेकंदाला सुमारे 31 अणुकेंद्रं फुटतात. सेकंदाला एक केंद्र फुटलं की त्याला एक बेकरेल म्हणतात. या हिशेबानं लिटरभर दुधात चाळीसेक बेकरेल आणि पेल्यात दहाएक. आपल्या प्रत्येकाच्या अंगात पोटॅशियममुळेच चारेक हजार बेकरेल सतत असतात.

मी रसायनशास्त्र शिकवते, आणि हा हिशेब मांडला की वर्गात दोन प्रकारचे चेहरे दिसतात. काही घाबरतात. काही जण लगेच म्हणतात, मग अणुवीज प्रकल्पाचा एवढा बाऊ कशाला, दूधसुद्धा तसंच की! दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. नुसत्या बेकरेलवरून काहीच ठरत नाही. कुठला अणू, शरीरात कुठे जाऊन बसतो, किती दिवस राहतो आणि पिणारा कोण, यावर सगळं अवलंबून असतं. प्रकल्पातून काय आणि किती बाहेर सोडायचं याची मर्यादा याच प्रश्नांतून निघते.

कोल्हापूरकरांना हा विषय परका वाटू नये. कर्नाटकातला कैगाचा अणुवीज प्रकल्प इथून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरवर काळी नदीच्या काठी आहे. तिथे 220 मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या चालतात. जैतापूरची नियोजित जागा तर घाट उतरलं की आलीच, सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. तिथे 1730 मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांचा प्रस्ताव आहे. पावसाळ्यात वारा समुद्राकडून आपल्याकडे येतो, हे गगनबावड्याला एकदा जाऊन आलेल्याला वेगळं सांगायला नको.

ही मर्यादा उलट्या दिशेनं काढली जाते. सुरुवात धुराड्यापासून किंवा सांडपाण्याच्या नळापासून होत नाही, माणसापासून होते. प्रकल्पामुळे सामान्य माणसाला वर्षाला जास्तीत जास्त 1 मिलिसिव्हर्ट (किरणोत्साराचा शरीरावर होणारा परिणाम मोजायचं एकक म्हणजे सिव्हर्ट, त्याचा हजारावा भाग) एवढीच मात्रा मिळावी, असा भारतातला दंडक आहे. तो पाळला जातो का, हे 15 नोव्हेंबर 1983 रोजी स्थापन झालेलं अणुऊर्जा नियामक मंडळ पाहतं. तुलनेसाठी सांगते, जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून मिळून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट निसर्गाकडूनच मिळतात. मग त्या एका मिलिसिव्हर्टचे वाटे पडतात: इतका हवेतून, इतका पाण्यातून, या युनिटला इतका, त्या युनिटला तितका. प्रत्येक वाट्यावरून मागे मागे जात, त्यासाठी वर्षाला किती बेकरेल सोडता येतील, ते काढतात.

हा हिशेब सरासरी माणसाचा नसतो, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तो त्या परिसरातल्या अशा माणसाचा असतो, ज्याच्या वाट्याला सगळ्यात जास्त येण्याची शक्यता आहे. खाडीतले मासे रोज खाणारा, घरच्याच विहिरीचं पाणी पिणारा, किंवा दारच्या म्हशीच्या दुधावर वाढणारं एखाद्या वर्षाचं बाळ. प्रकल्पातून हवेत गेलेलं किरणोत्सारी आयोडीन-131 गवतावर बसतं, म्हैस दिवसभर ते गवत चरते, आणि दुधातून ते बाळाच्या गळ्यातल्या इवल्याशा थायरॉईडमध्ये गोळा होतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे अणू फुटून जायला लागणारा काळ, फक्त 8 दिवसांचं, म्हणून धारोष्ण दूध आणि महिनाभर डब्यात राहिलेली दूध पावडर यांत आकाशपाताळाचा फरक पडतो. स्ट्रॉन्शियम-90 कॅल्शियमची नक्कल करत हाडात शिरतं. सीझियम-137 पोटॅशियमच्या वाटेनं स्नायूंत जातं. माणसं काय खातात-पितात हे बदललं, तर मर्यादेचा हिशेबही बदलायला हवा. म्हणून या मर्यादेच्या फेरआढाव्यात माझा पहिला प्रश्न यंत्रांबद्दलचा नसेल. गावातल्या ताटांची पाहणी शेवटची कधी केली, हे मी विचारेन.

आता ट्रिटियम. कैगासारख्या अणुभट्ट्यांत जड पाणी वापरतात, आणि त्यातल्या ड्युटेरियमनं, म्हणजे जड हायड्रोजननं, न्यूट्रॉन गिळला की ट्रिटियम तयार होतं. हा हायड्रोजनचाच भाऊ, अर्धायुष्य 12.3 वर्षं. तो पाण्याच्या रेणूतच जाऊन बसतो, त्यामुळे गाळून काढणं महाकठीण. पिण्याच्या पाण्यात तो किती चालेल? जागतिक आरोग्य संघटना लिटरला 10,000 बेकरेल म्हणते, अमेरिका 740, युरोपीय संघ 100. एवढी तफावत पाहिली की कुणीतरी खोटं बोलतंय असं वाटतं. हिशेब करून पाहू. रोज 2 लिटर म्हणजे वर्षाला 730 लिटर. लिटरला 10,000 धरले तर वर्षात 73 लाख बेकरेल पोटात. ट्रिटियमच्या पाण्याचा एक बेकरेल सिव्हर्टच्या एक लाख कोटीव्या भागाच्या 18 पट मात्रा देतो. गुणाकार केला की वर्षाला 0.13 मिलिसिव्हर्ट येतात, म्हणजे एका मिलिसिव्हर्टचा आठवा भाग. युरोपचा 100 हा आकडा आरोग्याची हद्द म्हणून ठेवलेलाच नाही. तो ओलांडला तर पाण्यात आणखी काही मिसळलंय का ते शोधा, एवढाच त्याचा अर्थ. एक आकडा धोका सांगतो आणि दुसरा शोध सुरू करायला लावतो. दोन्ही एकाच रांगेत मांडून भांडण्यात बरीच वर्षं वाया गेली आहेत.

पंचगंगेनं आम्हाला आणखी एक गोष्ट शिकवली आहे. विद्यार्थ्यांना घेऊन मी नदीचे नमुने घेते. दुपारी अकरा-बाराला घाटावरून बाटली भरली तर आकडे बरे येतात. पहाटे, किंवा बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढल्यावर भरली तर मळीचा वास बाटलीतून वर्गापर्यंत येतो. नदी तीच, दिवसही तोच. दिवसातून एकदा घेतलेल्या नमुन्यातून सोडणाऱ्याची वेळ सुटून जाते. शिवाय कारखान्यांच्या सांडपाण्याला आपण बहुतेक लिटरमागे मिलिग्रॅमची हद्द घालतो. पाणी जास्त मिसळलं की आकडा पास, आणि नदीत गेलेली एकूण घाण मात्र तेवढीच.

अणुवीज प्रकल्पात या बाबतीत शिस्त जास्त कडक आहे, हे मान्य करायलाच हवं. द्रव कचरा आधी टाकीत साठवतात, ढवळतात, नमुना मोजतात, आणि आकडा बसला तरच भरपूर पाण्यात मिसळून सोडतात. धुराड्यातून जाणारी हवा सतत मोजली जाते. जपानमधल्या अपघातग्रस्त फुकुशिमा प्रकल्पातही हेच तत्त्व आहे. 24 ऑगस्ट 2023 पासून तिथलं शुद्ध केलेलं पाणी समुद्रात सोडायला सुरुवात झाली, तेव्हा ट्रिटियमला दोन बांध घातले: लिटरला 1500 बेकरेलपेक्षा कमी, आणि वर्षाला एकूण 22 लाख कोटी बेकरेलच्या आत. पहिला बांध मिसळून पार करता येतो, दुसरा येत नाही. माझ्या मते नदीकाठच्या प्रकल्पाला तिसराही हवा. उन्हाळ्यात धरणाचं पाणी तळाला जातं तेव्हा सोडण्याचं प्रमाण त्या दिवसांच्या पाण्यावर बेतलं पाहिजे. वर्षाच्या सरासरीत चैत्र-वैशाख दिसत नाहीत. समुद्राकाठी उष्णतेचा प्रश्नही येतो. किनाऱ्यावरच्या औष्णिक वीज केंद्रांसाठी समुद्राच्या पाण्याचं तापमान 7 अंशांपेक्षा जास्त वाढू नये, असा नियम आहे. मच्छीमारांना यातला एकेक अंश कळतो.

बाहेरची मोजणी कशी चालते तेही पाहू. प्रत्येक प्रकल्पाजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते, आणि तिचं काम अणुभट्टी सुरू होण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. तीसेक किलोमीटरच्या परिसरातून पाणी, माती, दूध, भात, मासे गोळा होतात. गावोगावी छोट्या चकत्या टांगलेल्या असतात. कॅल्शियम सल्फेटच्या पुडीत डिस्प्रोशियमचा किंचित अंश घालून त्या बनवतात. तीन महिने ती चकती किरणोत्सार साठवते. नंतर प्रयोगशाळेत तापवली की मंद उजेड देते. जितका उजेड, तितकी मात्रा.

चकती तीन महिन्यांची बेरीज सांगते, क्षणाक्षणाला मोजणारं यंत्र लगेच सांगतं. पण ते समजून वाचावं लागतं. वळवाचा पाऊस कोसळला की गॅमा किरण मोजणारा काटा वर चढतो. जमिनीतून हवेत येणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूपासून तयार झालेलं शिसं-214 आणि बिस्मथ-214 पावसाबरोबर जमिनीवर येतं. अर्धायुष्य 27 आणि 20 मिनिटांचं, त्यामुळे दोनेक तासांत काटा मूळ जागी येतो. पावसाची नोंद शेजारी नसेल तर हा आकडा पाहून कुणीही घाबरेल. त्याहून वाईट म्हणजे, खरी गळती झाली तरी ‘पाऊस असेल’ म्हणून ती सोडून दिली जाईल.

नियामक मंडळाच्या वार्षिक अहवालांत जनतेला मिळणारी मात्रा मर्यादेच्या खूप खाली दिसते, आणि ते मोजमाप खोटं आहे असं मानायला माझ्याकडे कारण नाही. माझा आग्रह वेगळा आहे. तक्त्यात ‘शोधमर्यादेच्या खाली’ लिहिलेलं असतं, तिथे ती शोधमर्यादा किती, हेही छापा. वजनकाट्यावर कोथिंबिरीची काडी ठेवली तर शून्य दिसतं. त्यानं काडीचं वजन नाही असं ठरत नाही, काटा किती बारीक मोजतो एवढंच कळतं.

आणि धुराडं, नळ अशा बाहेर जायच्या दारांवर कितीही पहारा ठेवला तरी माणसं मोजावीच लागतात. नोव्हेंबर 2009 मध्ये कैगात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम मिसळलेलं आढळलं. हा प्रकार धुराड्यावरच्या किंवा नळावरच्या यंत्रानं पकडला नाही. कामगारांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीत तो उघड झाला.

जैतापूरचं काय व्हायचं ते होईल, पण घाटाच्या अलीकडची आणि पलीकडची पायारेषा, म्हणजे प्रकल्पाआधीचे मूळ आकडे, आजच मोजून ठेवली पाहिजे. आपला काळा बेसॉल्ट युरेनियम-थोरियमच्या बाबतीत गरीब आहे, त्यामुळे इथला नैसर्गिक आकडा केरळच्या थोरियम असलेल्या मोनाझाईटी वाळूच्या मानानं खूपच कमी. पण आपल्या मातीत सीझियम-137 थोडं का होईना, आहेच. अशा चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या 1963 च्या कराराआधी महासत्तांनी उघड्या हवेत अण्वस्त्र चाचण्या केल्या, तेव्हा ते जगभर पडलं, आणि त्याचं अर्धायुष्य 30 वर्षांचं आहे. पन्हाळ्याच्या उतारावरची माती, भोगावतीचा गाळ, गंगावेशीतलं पावशेर दूध यांचे आकडे आज लिहून ठेवले नाहीत, तर वीस वर्षांनी कुणाला सीझियम सापडेल तेव्हा ते 1962 सालचं की कालचं, हे सांगणं अवघड होऊन बसेल.