क्रोमच्या पिवळ्या पाण्यासाठी द्रवरूप मीठ

बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरचे पिस्टन रॉड तयार होतात. त्यांच्यावरचा टणक, चकचकीत थर क्रोम प्लेटिंगच्या टाकीत चढतो. टाकीतून काढलेला जॉब धुतला की थोडे क्रोम धुवणात उतरते आणि पाणी पिवळे होते. हे क्रोम सहा-संयुजी, म्हणजे सहा इलेक्ट्रॉन गमावलेल्या रूपातले, आणि कर्करोगकारक. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्रोमियम भारतीय मानकाला चालत नाही. म्हणून पाणी आम्लधर्मी करून त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घालतात, क्रोम कमी विषारी तीन-संयुजी रूपात येते, मग चुन्याने हिरवट गाळ खाली बसतो. तो गाळ घातक कचरा म्हणून जमिनीत पुरून टाकावा लागतो. विकत घेतलेला धातू आपण पुन्हा पैसे मोजून पुरतो, हे मला फार खटकते.

धातू पाण्यातून परत काढायची एक जुनी रीत आहे. पाण्यात न मिसळणाऱ्या रॉकेलसारख्या द्रावकात धातूला पकडणारे रसायन विरघळवायचे, दोन्ही घुसळायचे आणि थर वेगळे होऊ द्यायचे. पण रॉकेल उडते आणि पेटते. त्याच्या जागी आता आयनिक द्रव आजमावले जात आहेत.

आयनिक द्रव म्हणजे १०० अंश सेल्सिअसच्या आत वितळणारे मीठ. जेवणातले मीठ वितळायला ८०१ अंश लागतात, कारण त्याचे लहान, गोल आयन, म्हणजे विद्युतभारित कण, खानापुरी कौलांच्या थप्पीसारखे घट्ट बसतात. आयन मोठे आणि वेडेवाकडे घेतले की थप्पी नीट लागत नाही. पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये अवघ्या १२ अंशांना वितळणारे इथिल अमोनियम नायट्रेट नोंदवले. अशा द्रवांची वाफ जवळजवळ होतच नाही.

धातू वेगळे करण्यासाठी त्यांच्याकडे खरे लक्ष गेले ते १९९९ मध्ये. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत शेंग दाय आणि सहकाऱ्यांनी क्राउन ईथर हे कड्याच्या आकाराचे रेणू आयनिक द्रवात घातले आणि पाण्यातले स्ट्रॉन्शियम ओढून घेतले. नेहमीच्या द्रावकांपेक्षा परिणाम हजारो पटींनी सरस होता. पुढे मार्क डीट्झ यांच्या कामातून त्याची किंमत कळली. स्ट्रॉन्शियमचा धन आयन द्रवात शिरतो, तेव्हा विद्युतभार जुळवायला द्रवाचेच धन आयन पाण्यात निघून जातात. महागडा द्रावक झिजतो आणि पाण्यात नवी घाण मिसळते. ‘हरित द्रावक’ म्हणून सरसकट कौतुक करणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

यावरचा सुंदर तोडगा मला बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठात कोएन बिनेमान्स यांच्या गटाने केलेल्या प्रयोगात दिसतो. त्यांनी लांब कार्बन-साखळ्यांचा फॉस्फोनियम क्लोराइड द्रव रॉकेल न मिसळता वापरला. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात कोबाल्ट चार क्लोराइड धरून ऋण आयन बनतो, निकेल तसा बनत नाही. घुसळून थर सुटले की वरचा द्रव कोबाल्टने गडद निळा आणि खालचे पाणी निकेलने हिरवे. इथेही अदलाबदल होतेच, पण पाण्यात उतरतो तो निरुपद्रवी क्लोराइड. लांब साखळ्यांचा धन आयन पाण्याला फारसा शिवत नाही. निळ्या द्रवाला साध्या पाण्याने धुतले की क्लोराइड विरळ होऊन कोबाल्ट बाहेर येतो आणि द्रव पुन्हा वापरता येतो.

म्हणजे निकेल प्लेटिंगवाल्याला या द्रवाचा उपयोग नाही. त्याचे निकेल पाण्यातच राहील. क्रोमचे तसे नाही. धुवणातले क्रोम क्रोमेटच्या रूपात, म्हणजे मुळातच ऋण आयन असते. ॲलिक्वाट ३३६ या लांब साखळ्यांच्या अमोनियम क्लोराइडने ते ओढता येते, हे बरेच आधीपासून माहीत आहे.

कारखान्यात मात्र दोन गोष्टी आडव्या येतात. हा द्रव मधासारखा दाट असल्याने घुसळायला कोमट करावा लागतो. शिवाय सहा-संयुजी क्रोम तीव्र ऑक्सिडीकारक असल्याने कार्बन-साखळ्या हळूहळू खाते, म्हणून संपर्क थोडा वेळ ठेवून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने क्रोम लगेच उतरवून घ्यावे. तसे केल्यावर हाती येते सोडियम क्रोमेट. ते आम्लरूपातल्या धन-आयन रेझिनमधून, म्हणजे धन आयन धरून बदल्यात हायड्रोजन आयन सोडणाऱ्या मण्यांमधून, नेले की सोडियम मागे राहते आणि क्रोमिक आम्ल मिळते, जे प्लेटिंगच्या टाकीत लागतेच. सुरुवात जॉब टाकीतून निघाल्यावर बुडवतात त्या पहिल्या धुण्याच्या टाकीपासून करावी. क्रोम सर्वांत जास्त तिथेच साचते.