आई ओ, बाप ए आणि पोरगं बी? संशय घ्यायच्या आधी हे वाचा

लग्नाचा सीझन आला की व्हॉट्सॅपवर तो फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो, नवरा-बायकोचा ब्लड ग्रुप सेम असला तर मुलं अपंग होतात म्हणे. पत्रिका जुळली, छत्तीसातले गुण जुळले आणि गाडी अडली कुठे तर दोघंही बी पॉझिटिव्ह! साफ खोटं आहे हे, सेम ग्रुपने काहीही बिघडत नाही. बघायचंच असेल तर एवढं बघा की बायको निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह आहे का, आणि असला तरी लग्न मोडायचं कारण नाही, डॉक्टरला आधी सांगायचं, बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन देतात, विषय संपला.

दुसरा गैरसमज जास्त वाईट, कारण त्यात बाईच्या चारित्र्यावर बोट जातं. मुलाचा ग्रुप आईचा नाहीतर बापाचाच यायला पाहिजे असं लोक धरून चालतात. अहो, शाळेतलं आठवा ना, प्रत्येक जीनच्या दोन प्रती, एक आईकडून एक बापाकडून. ए आणि बी एकत्र आले तर दोन्ही दिसतात, ओ मात्र कुणासोबतही आला की दडून बसतो. त्यामुळे आई एओ (रिपोर्टवर नुसतं ए), बाप बीओ (रिपोर्टवर नुसतं बी), तर त्याच घरात ए, बी, एबी आणि ओ अशी चारही प्रकारची पोरं जन्मू शकतात. हे गणित फेलिक्स बर्नस्टाईन नावाच्या जर्मन गणितज्ञाने १९२४ मध्येच सोडवलंय.

आता खरी मजा. ग्रुप म्हणजे नेमकं काय असतं? तांबड्या पेशीवर बाहेरून साखरेच्या बारीक साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची साखर बसली की त्या टोकाला एच म्हणायचं. ए जीन म्हणजे एक एन्झाइम बनवायची कृती, ते एन्झाइम या एचवर अजून एक साखर जोडतं, एन-असिटाइलगॅलॅक्टोसअमाइन (नाव विसरलात तरी चालेल). बी जीनचं एन्झाइम त्याच जागेवर साधं गॅलॅक्टोज जोडतं. दोन्ही एन्झाइममध्ये अमिनो आम्लं ३५४, आणि फरक किती? चार! चार ठिकाणच्या बदलावर तुम्ही ए की बी ठरतं. आणि ओ तर त्याहून भारी, नेहमीच्या ओ जीनमध्ये सुरुवातीलाच डीएनएचं एक अक्षर गळालंय, आणि डीएनए तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो त्यामुळे तिथून पुढचं सगळं वाचन एकेक घर सरकतं आणि एन्झाइम कामाचं राहत नाही. म्हणजे ओ हा काही वेगळा पदार्थ नाहीच, जोडायला कुणी आलं नाही म्हणून एच उघडा राहिला, बस.

पण एच तरी कोण बसवतं? त्याचा जीन वेगळा, एफयूटी-१, तो १९ नंबरच्या क्रोमोसोमवर, आणि एबीओ ९ नंबरवर, म्हणजे दोघांची वाटणी एकमेकांशी संबंध न ठेवता होते. समजा कुणाच्या एच जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत. मग बी जीन धडधाकट आहे, एन्झाइमही तयार होतंय, पण खुंटीच नाही तर सदरा टांगणार कुठे? लॅबमध्ये स्लाइडवर रक्ताचे थेंब घेतले, एकात निळं अँटी-ए (ए असलेल्या पेशींना एकमेकींना चिकटवणारं औषध), दुसऱ्यात पिवळं अँटी-बी (तेच बी साठी) टाकून काडीने ढवळलं, ग्रुप असता तर दाणे दाणे दिसले असते, इथे दोन्ही थेंब गुळगुळीत. रिपोर्ट तयार: ओ.

हाच तो बॉम्बे ब्लड ग्रुप. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या रक्तात हा शोधला आणि लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला. भारतात साधारण दहा हजारांत एक असं प्रमाण सांगतात, युरोपात दहा लाखांत एक.

आता शीर्षकातलं घर बघा. आई रिपोर्टवर ओ, पण आत बीओ आणि एच बंद. बाप एओ, एच चालू. पोराला आईचा बी, बापाचा ओ आणि बापाचाच चालू एच मिळाला की आईत दडलेला बी पोरात उघडपणे दिसतो. शाळेच्या तक्त्याप्रमाणे अशक्य, प्रत्यक्षात शंभर टक्के त्यांचंच पोर. (चार्ली चॅप्लिनवर पितृत्वाची केस झाली होती तेव्हा तो ओ, आई ए आणि मुलगी बी होती. डॉक्टर म्हणाले हा बाप नाही, तरी १९४५ मध्ये ज्यूरीने त्यालाच बाप ठरवलं, कारण तेव्हा कॅलिफोर्नियाच्या कोर्टाला रक्ताचा रिपोर्ट बंधनकारक नव्हता. चॅप्लिन बॉम्बे ग्रुपचा होता असं मी अजिबात म्हणत नाही हं!) असला वाद आज डीएनए टेस्टने सुटतो, रक्तगटाच्या तक्त्याने नाही.

धोका वेगळाच आहे. बॉम्बे ग्रुपवाल्याच्या शरीराला एच परका वाटतो, त्याच्या रक्तात एचवर तुटून पडणारं अँटी-एच असतं, आणि ओच्या पेशींवर तर एच खचाखच भरलेला. म्हणजे ओ कुणालाही चालतं म्हणून त्याला ओची बाटली लावली तर जीवावर बेतेल. म्हणून रिव्हर्स ग्रुपिंग करायचं, त्याचा सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) ओच्या पेशींवर टाकून बघायचा. खरा ओ असेल तर काही होत नाही, बॉम्बे असेल तर लगेच दाणे.

बिघडलेला एच दोन्हीकडून यावा लागतो, आणि एकाच आजोबांचा बिघाड दोन्ही वाटांनी येण्याची शक्यता नात्यातल्या लग्नात वाढते. ब्लड ग्रुप सेम आला म्हणून स्थळ नाकारणारे लोक मामाची मुलगी करताना मात्र एकदाही विचार करत नाहीत, याला काय म्हणावं! पण याच कारणामुळे असा पेशंट सापडला की त्याला चालणारं बॉम्बे रक्त मिळावं म्हणून डॉक्टर आधी त्याच्या सख्ख्या भावंडांना बोलावून घेतात. आईबाप दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असेल तर प्रत्येक भावंड बॉम्बे निघायची शक्यता चारात एक, बाहेरच्या दहा हजारांत एकापेक्षा कितीतरी बरी.