गहू धुतल्याने काय जातं, काय राहतं

उन्हाळा लागला की नागपुरात अजूनही कितीतरी घरांत वर्षभराचा गहू भरतात. कळमन्याच्या धान्यबाजारातून पोती येतात, मग चाळणं, पाखडणं, निवडणं. कुणी धुऊन गच्चीवर वाळवतं. ही मेहनत वाया जात नाही. रहदारीच्या किंवा कारखान्यांजवळच्या शेतातल्या दाण्यावर जी धूळ बसते तिच्यात शिसं असू शकतं, आणि ते पाखडण्या-धुण्यात बरंचसं निघून जातं.

दाण्याच्या आत जे शिरलेलं असतं, त्याच्यापर्यंत मात्र पाणी पोचत नाही. 2024 च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यात शेगाव भागातल्या गावांमध्ये लोकांचे केस मुठी-मुठीने गळू लागले, काही दिवसांत टक्कल पडलं. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथल्या रेशनच्या गव्हाची तपासणी करून घेतली. त्यांनी जाहीर केलेल्या आकड्यांनुसार न धुतलेल्या गव्हात किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम होतं, धुतलेल्यात 13.61. सेलेनियम म्हणजे मातीतलं एक मूलद्रव्य; ते शरीरात फार झालं की केस गळतात. फरक जेमतेम सहा टक्के! कारण झाड सेलेनियमला गंधक समजून मुळांवाटे घेतं आणि दाण्यातल्या प्रथिनांत गुंफून टाकतं.

सेलेनियम विष आहे म्हणावं, तर तेही खरं नाही. थायरॉइडचं काम त्याच्याशिवाय नीट चालत नाही. मोठ्या माणसाला रोज 40 ते 55 मायक्रोग्रॅम पुरतं. 400 च्या वर जाऊ नये असं मानतात. शेगावच्या त्या गव्हाच्या आकड्याने हिशोब केला तर 30 ग्रॅम कणकेच्या एकाच पोळीत ही मर्यादा ओलांडली जाते. गरिबाच्या ताटात पोळीच जास्त असते, त्यामुळे रेशनच्या धान्याची अशी तपासणी नेमाने व्हायलाच हवी, असं मला ठामपणे वाटतं.

कॅडमियम हा विषारी धातूही आतलाच. काही फॉस्फेट खतांतून ते मातीत उतरतं आणि जस्ताच्याच वाटेने मुळांत शिरतं. साध्या गव्हापेक्षा बन्सीसारख्या डुरम, म्हणजे कठीण दाण्याच्या, जातीच्या गव्हात ते जास्त साठू शकतं. एकदा मूत्रपिंडात बसलं की त्यातलं निम्मं बाहेर पडायला 10 ते 30 वर्षं लागतात.

हे वाचून कोंडा नको, मैदाच बरा, असं कुणी ठरवू नये. लोह आणि जस्त मुख्यतः दाण्याच्या बाहेरच्या थरांत आणि अंकुरात असतं. 100 ग्रॅम कणकेत लोह चार मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं, मैद्यात दोनपेक्षाही कमी. जस्त तर तिपटीने घटतं. शिवाय लोह कमी पडलेलं शरीर आतड्यातून कॅडमियम आणि शिसं अधिक ओढून घेतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे ज्यांना धोका जास्त, त्यांनाच कोंड्यासकट कणकेची गरज जास्त.

कोंड्यातलं फायटिक आम्ल लोह-जस्ताला धरून ठेवतं, ही अडचण आहेच. पीठ आंबवलं की ही पकड सैल होते. पोळीबरोबर लिंबू पिळलं किंवा संत्रं खाल्लं तर लोह अंगी लागतं. जेवणाला लागूनच चहा घेतला तर त्यातलं बरंचसं वाया जातं. चहा तासाभराने घ्यावा.