वाळूत पुरलेला मासा श्वास कसा घेतो?

वाळूतला मासा म्हटले की जुहूच्या किनाऱ्यावरची खेकड्यांची भोके डोळ्यांसमोर येतात आणि माशाचेही तसेच बीळ असेल असे वाटते. उत्तर समुद्रातला सँड ईल (ईल म्हणजे वाम, पण हा वामचा भाऊबंद नव्हे) बीळ करतच नाही. वीतभर लांब, काठीसारखा सडपातळ असा हा मासा टोकदार जबडा रोवून, अंग वळवत वाळूत शिरतो. त्याला वाताशय, म्हणजे तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी, नसतो; त्यामुळे तळाशी राहणे सोपे जाते. वसंत आणि उन्हाळ्यात तो दिवसा बाहेर येऊन प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) खातो. शरदानंतर मात्र विणीचा काळ सोडला तर महिनोन्‌महिने वाळूतच.

मग प्राणवायू? तोंड आणि कल्ल्यांवरची झाकणे मिळून पंप चालवतात. मासा कणांमधल्या फटींतले पाणी ओढतो, तिथला दाब घटतो आणि वरचे ताजे पाणी झिरपत खाली येते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या डॅनिश प्रयोगांत १ ते ४ सेंटिमीटर खोल पुरलेल्या माशांच्या तोंडापुढे प्राणवायूयुक्त पाण्याचा उलटा शंकू आढळला.

सगळी मदार दाण्यावर आहे. वाळूची पारगम्यता, म्हणजे तिच्यातून पाणी किती सहज वाहते ते, साधारणपणे कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्यास ०.५ वरून ०.०५ मिलिमीटरवर आला की पारगम्यता शंभरावा भाग उरते. तेवढेच पाणी ओढायला शंभरपट दाब लागेल. म्हणून हा मासा ०.२५ ते २ मिलिमीटर दाण्याची वाळू निवडतो. त्यात बारीक गाळ १० टक्क्यांच्या वर गेला की ती जागा त्याला चालत नाही, कारण मोठे दाणे तसेच असले तरी फटी बुजलेल्या असतात. आपल्या खाडीच्या चिखलात निवटी ही मासळी उघडे बीळ का करते, तेही यावरून कळते. मुडदुशी ही मासळी जाळे आले की अंग पुरते, तीही वाळूतच.

अनोळखी मासे दिसले की भूकंपाचे संदेश मोबाइलवर फिरू लागतात. त्यांना काडीचा आधार नाही. सँड ईल वर येतो तो उजेड, अन्न आणि प्राणवायू पाहून.

पारगम्यता घरीही तपासता येते. दोन बाटल्यांची बुडे कापा, तोंडांना घट्ट विणीचे फडके दुपदरी बांधा आणि उलट्या धरा. एकीत धुतलेली वाळू भरा, दुसरीत नऊ भाग वाळू व एक भाग चाळलेली माती. दोन्ही आधी पूर्ण भिजवा; कोरड्या वाळूत अडकलेली हवा पाणी अडवते आणि निकाल फसतो. मग पेलाभर पाणी ओतून निथळायचा वेळ मोजा. गढूळ पाणी येत राहिले तर माती निसटते आहे. फडक्याचा आणखी एक पदर लावून पुन्हा मोजा.