गावठी कुत्र्याचे संगोपन

गावठी कुत्रा हा भारतीय उपखंडात माणसाच्या वस्तीलगत पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेला, कोणी ठरवून पैदास न केलेला कुत्रा. मध्यम बांधा, आखूड केस, बहुधा उभे कान, पाठीवर वळलेली शेपटी आणि साधारण १५ ते २५ किलो वजन ही त्याची ढोबळ ओळख. शहरांतील दत्तक शिबिरांत त्याला ‘इंडी’ म्हणतात. घरात नीट वाढवलेला गावठी कुत्रा १२ ते १५ वर्षे सहज जगतो.

‘गावठी कुत्र्याला काही लागत नाही’ हा महाराष्ट्रात खेड्यापासून शहरापर्यंत पक्का रुजलेला समज आहे आणि या कुत्र्यांचे सर्वांत जास्त नुकसान त्यानेच केले आहे. कोलकात्याच्या ‘आयसर’ या विज्ञानसंस्थेतील संशोधकांनी पश्चिम बंगालमध्ये रस्त्यावरच्या ९५ वेतांतील ३६४ पिल्लांचा मागोवा घेतला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार यातली जेमतेम २० टक्के पिल्ले वयात येईपर्यंत टिकली आणि निम्म्याहून अधिक मृत्यूंना या ना त्या प्रकारे माणूस कारण होता. आपल्याला दिसतात ती काटक कुत्री म्हणजे यातून वाचलेली मोजकी कुत्री. उरलेली आपल्या नजरेला पडतच नाहीत.

जन्म आणि पहिले आठ आठवडे

रस्त्यावरच्या कुत्र्या बहुधा पावसाळ्याच्या अखेरीस, भाद्रपदाच्या सुमारास माजावर येतात. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असल्यामुळे पुष्कळशी पिल्ले ऐन थंडीच्या तोंडावर जन्मतात. नवजात पिल्लाला स्वतःचे अंग उबदार ठेवता येत नाही, त्यामुळे त्याला पहिला धोका भुकेपेक्षा गारठ्याचा असतो. डोळे १० ते १४ दिवसांनी उघडतात, ऐकू येऊ लागायला आणखी काही दिवस जातात. या काळात आईला कोरडी, वाऱ्याच्या झोतापासून दूर असलेली जागा देणे, पोत्याचे किंवा जुन्या गोधडीचे अंथरूण घालणे आणि तिला पोटभर खाऊ घालणे हीच पिल्लांची खरी सेवा. पहिल्या दिवसाचा चीक पिल्लांच्या पोटात जाणे फार महत्त्वाचे, कारण सुरुवातीच्या आठवड्यांतील रोगप्रतिकारशक्ती त्यातूनच येते. पिल्ले एकटी दिसली म्हणजे ती पोरकी झाली असे समजून लगेच उचलू नयेत. आई अन्न शोधायला गेलेली असते. काही तास लांबून लक्ष ठेवावे.

खरोखरच पोरके पिल्लू हाती आले तर आधी ऊब, मग दूध हा क्रम चुकवू नये. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही आणि ते दगावते. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून अंथरुणाच्या एका बाजूला ठेवावी, म्हणजे फार गरम झाल्यास पिल्लाला दूर सरकता येते. गाईचे दूध कुत्रीच्या दुधापेक्षा बरेच पातळ असते. त्यात प्रथिने आणि स्निग्धांश निम्म्याच्या आसपास. म्हणून पिल्लांसाठी मिळणारी दूधपावडर वापरावी. पाजताना पिल्लाला तान्ह्या बाळासारखे उताणे धरू नये, पोटावर पालथे ठेवावे. उताण्या पिल्लाच्या फुफ्फुसांत दूध जाते. पहिल्या आठवड्यात रात्रीसुद्धा दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते. प्रत्येक वेळी पाजून झाल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शेपटीखालचा भाग हलकेच पुसावा. आई चाटून हेच करते. त्याशिवाय इतक्या लहान पिल्लाला लघवी आणि शी होत नाही. अनेक पोरकी पिल्ले भरल्या पोटी मरतात, त्यामागे ही एवढीशी गोष्ट माहीत नसणे असते.

तिसऱ्या आठवड्यात दुधाचे दात दिसू लागतात, चौथ्यापासून मऊ, पातळ खाणे सुरू करता येते. गोलजंत पिल्लाला आईच्या पोटातच लागतात आणि अंकुशजंत तिच्या दुधातून येतात. म्हणून जंताचे पहिले औषध दुसऱ्या आठवड्यातच, वजन करून, द्यायचे असते. पुढे दर पंधरवड्याला, तीन महिन्यांनंतर सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा. टम्म फुगलेले पोट पाहून लोक पिल्लू गुटगुटीत आहे म्हणतात. बहुतेकदा ते जंतांचे पोट असते. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर अंकुशजंतांनी रक्त शोषले आहे असे समजून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू आईपासून तोडू नये. २०१७ च्या केंद्रीय नियमांनी त्याआधी पिल्लू विकायला मनाई केली आहे. दत्तक देतानाही तोच दंडक पाळणे शहाणपणाचे. दात किती जोराने लावायचे हे पिल्लू या काळात आई-भावंडांकडून शिकते.

दोन ते चार महिने

या वयात दोन गोष्टींची घाई एकमेकींच्या आड येते. तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत पिल्लाचे मन नव्या माणसांना, आवाजांना, जागांना सहज स्वीकारते, हे अमेरिकेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६० च्या दशकापर्यंत चाललेल्या दीर्घ प्रयोगांतून दाखवून दिले. नंतर ही खिडकी मिटत जाते. पण नेमके याच काळात आईकडून मिळालेले संरक्षण ओसरते आणि लसीचे पुरते आलेले नसते. पार्व्हो हा १९७८ मध्ये प्रथम ओळखला गेलेला विषाणू या फटीत शिरतो. उलट्या, रक्ताचे दुर्गंधीयुक्त जुलाब आणि दोन-तीन दिवसांत मृत्यू असा त्याचा झपाटा असतो. मातीत तो महिनोन्‌महिने टिकतो. फिनाईलने मरत नाही, ब्लीचने मरतो. ज्या घरात पार्व्होने पिल्लू गेले आहे तिथे लस पूर्ण न झालेले दुसरे पिल्लू लगेच आणू नये.

यातून वाट काढता येते. सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली एकत्रित लस (डिस्टेंपर, पार्व्हो, कावीळ, लेप्टो या रोगांविरुद्धची), मग १६ आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, आणि तिसऱ्या महिन्यात रेबीजची. एकच डोस देऊन थांबणे म्हणजे न दिल्यासारखेच, कारण आईकडून आलेली प्रतिद्रव्ये पहिल्या डोसचा परिणाम मारू शकतात. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडायचे नाही, पण घरात कोंडायचेही नाही. कडेवर घेऊन त्याला रिक्षा, बस, भाजीबाजार, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत चालणारे आजोबा, लांबून वाजणारा ताशा हे सगळे दाखवावे. गावठी पिल्लू स्वभावतः सावध असते, अनोळखी गोष्टीपासून आधी मागे सरते. रस्त्यावर याच गुणाने ते जगले. म्हणून त्याला ओढून जवळ न नेता त्याच्या गतीने पुढे येऊ द्यावे, खाऊ द्यावा. जे पिल्लू चौथ्या महिन्यापर्यंत फक्त साखळी आणि अंगण पाहते, ते पुढे प्रत्येक पाहुण्यावर भुंकते आणि मग सगळे म्हणतात, गावठीच ते.

शी-शूची सवय लावायला झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच बाहेर नेणे पुरेसे असते. केलेल्या घाणीत नाक घासणे हा जुना प्रकार क्रूर आणि निरुपयोगी आहे. त्यातून पिल्लू एवढेच शिकते की माणसासमोर शू करायची नाही.

आहार

शिळी भाकरी आणि दूध हा आपल्याकडचा रूढ आहार. त्यावर कुत्रा जगतो, पण वाढत्या पिल्लाची हाडे आणि स्नायू त्यावर भरत नाहीत आणि पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचतही नाही. भाकरी-भात खुशाल द्यावा, पण त्याबरोबर रोज अंडी, चिकन, मासे किंवा मटणाचे स्वस्त भाग, थोडे काळीज असे काही असावे. वर दही, भोपळा, गाजर. नुसते मांसही चालत नाही, कारण त्यात कॅल्शियम फार कमी असते आणि वाढीच्या वयात पाय वाकतात. चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, पुढे दोनदा खायला द्यावे. कांदा-लसूण घातलेला रस्सा, मनुका-द्राक्षे आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी आहेत. शिजवलेली हाडे अणकुचीदार फुटतात आणि आतडे फाडू शकतात.

वयात येताना

चौथ्या ते सातव्या महिन्यात २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे येतात. या काळात चपला चावल्या जाणारच. चघळायला दोरी, ओला पंचा, रबरी खेळणे द्यावे. सहा महिने ते दीड वर्ष हे सर्वांत धोक्याचे वय मला वाटते, आणि तो धोका रोगाचा नाही. गोंडस पिल्लू दांडगा कुत्रा झालेला असतो, ओढतो, ऐकत नाही. नेमके याच वयात त्याला कोपऱ्यात बांधले जाते किंवा दूरच्या गल्लीत नेऊन सोडले जाते. त्याला याच वेळी रोज दोनदा मोकळेपणी धावणे, थोडे शिकवणे आणि माणसांची सोबत लागते.

नसबंदीचा निर्णयही इथलाच. पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया केल्यास कुत्रीला पुढे स्तनांचा कर्करोग होण्याची शक्यता फार कमी होते आणि गर्भाशयात पू होण्याचा आजार टळतो. नराच्या शस्त्रक्रियेने मारामाऱ्या आणि माजाच्या वासामागे भटकणे कमी होते. मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांत समागमातून पसरणारी जननेंद्रियांवरची गाठ सर्रास आढळते. लघवीच्या जागेतून थेंब थेंब रक्त येणे हे तिचे लक्षण. वेळेत इंजेक्शने मिळाली तर ती बहुधा पूर्ण बरी होते. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना त्याच भागात परत सोडायची पद्धत केंद्राच्या २०२३ च्या नियमांत सांगितली आहे.

मोठेपणी, ऋतूंप्रमाणे

या वयात वर्षातून एकदा रेबीजसह लसींचा फेरडोस, दर तीन महिन्यांनी जंताचे औषध आणि शहरात महापालिकेचा परवाना एवढे वेळापत्रक असते. बाकी काळजी ऋतूबरोबर बदलते.

गोचिडांकडे दुर्लक्ष करणे हा आपल्याकडचा सर्वांत महागात पडणारा निष्काळजीपणा. गोचीड चावल्याने एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्ताचे आजार होतात. खाणे सोडणे, ताप, फिकट हिरड्या, नाकातून रक्त किंवा कॉफीच्या रंगाची लघवी यांपैकी काहीही दिसले तर रक्त तपासून घ्यावे. लवकर कळले तर उपचार सोपे असतात. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि पट्ट्याखाली रोज हात फिरवावा. गोचिडांची मादी अंडी भिंतीच्या फटींत घालते, त्यामुळे नुसता कुत्रा स्वच्छ करून भागत नाही. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो आणि लहानशा जखमेत दोन दिवसांत अळ्या पडतात. केसाळ भागाखाली घाण वास आला तर केस बाजूला करून पाहावेच.

उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, सकाळी आठनंतर आणि ऊन उतरण्याआधी फिरायला नेऊ नये. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. त्याचे नेहमीचे तापमान साडेअडतीस ते एकोणचाळीस अंशांच्या आसपास असते. ४१ च्या वर गेले की जीव धोक्यात येतो. उष्माघातात अंगावर साधे गार पाणी ओतून पंखा लावावा आणि तसेच ओल्या अंगाने दवाखान्यात न्यावे. दिवाळीत फटाक्यांनी बिथरून पळालेली कुत्री हरवतात. त्या रात्री दारे-खिडक्या लावून त्याच्याजवळ बसावे, आणि दरवर्षी फारच घाबरत असेल तर आधीच डॉक्टरांकडून औषध घ्यावे. जुन्नर, अकोले या बिबट्याच्या पट्ट्यात अंगणात बांधलेला कुत्रा रात्री आत घेणे अत्यावश्यक. अकोले भागातील बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासात त्यांच्या आहारातला सर्वांत मोठा वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचाच निघाला.

कुत्रा चावला, ओरखडला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. चुना, हळद, मिरची काहीही लावू नये. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजमधून वाचणे जवळपास अशक्य असते.

उपचारांचा खर्च पेलत नसेल तर परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १८८६) आणि नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये हा मोठा आधार आहे. तालुक्याचा सरकारी दवाखाना गुराढोरांचा म्हणून टाळला जातो. तिथेही कुत्र्याच्या लसी आणि जंताच्या औषधाची चौकशी अवश्य करावी.

म्हातारपण

कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब चुकीचा आहे. कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये लॅब्राडोर कुत्र्यांच्या डीएनएवरून दाखवले की पहिल्या वर्षातच कुत्रा माणसाच्या तिशीइतका पुढे जातो आणि नंतर वेग मंदावतो. गावठी कुत्रा साधारण नवव्या-दहाव्या वर्षी म्हातारा होऊ लागतो. यापुढे वर्षातून दोनदा रक्त-लघवीची तपासणी करावी. पाणी खूप पिणे आणि लघवी वाढणे हे मूत्रपिंडाच्या बिघाडाचे किंवा मधुमेहाचे लक्षण असू शकते. नसबंदी न झालेल्या कुत्रीत, माज संपून महिना-दोन महिने झाले असताना असे दिसले तर गर्भाशयात पू झाला असण्याची शक्यता असते. तो एक दिवसही वाया घालवण्यासारखा आजार नव्हे.

जिना चढताना थांबणे, उठताना वेळ लागणे ही ‘वयाने आलेली मंदी’ नसते, बहुतेकदा ती सांधेदुखी असते आणि तिच्यावर औषधे आहेत. मात्र माणसांच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या कधीच देऊ नयेत. त्या कुत्र्याच्या पोटात व्रण पाडतात आणि मूत्रपिंडे निकामी करतात. गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय फाकतात, तिथे सतरंज्या किंवा पायपुसणी अंथरावीत. वजन वाढू देऊ नये. दिसेनासे झाले तर घरातले सामान हलवू नये. रात्री उगाच फिरणे, कोपऱ्यात तोंड करून उभे राहणे, घरात शू करणे हे मेंदूच्या झिजेमुळे होते. त्यावर रागावणे अन्याय्य आहे.

असाध्य दुखणे, खाणे-पिणे बंद आणि उठताही न येणे अशा अवस्थेत पशुवैद्य इंजेक्शनने वेदनारहित मृत्यू देऊ शकतात. आधी भूल दिली जाते, मग हृदय थांबवणारा डोस. हा निर्णय घरच्यांनी डॉक्टरांशी बोलून, शक्यतो वेळ हाताशी असतानाच घ्यावा, आणि शेवटच्या क्षणी ओळखीच्या माणसाने जवळ थांबावे. परक्यांच्या हाती सोपवून निघून जाऊ नये. नंतर स्वतःच्या शेतात पुरायचे असल्यास खड्डा विहीर-ओढ्यापासून दूर आणि भटके प्राणी उकरू शकणार नाहीत इतका खोल असावा. शहरात महापालिकेकडे किंवा प्राण्यांच्या दवाखान्यात दहनाची व्यवस्था विचारावी; मुंबईत मालाडला महापालिकेची तशी सोय आहे.