म्हातारीचे हरभरे आणि मोजलेले सेकंद

मे महिन्यातली दुपार. आभाळ भरून येतं, वारा अचानक पडतो आणि माझा सात वर्षांचा भाचा खिडकीशी जाऊन विचारतो, “मामा, आज गडगडणार का?” पावसाचा अजून थेंबही नसतो, पण त्याचे तळहात घामाने ओले झालेले असतात. गेल्या वर्षी एका रात्री घराजवळच वीज पडली, तेव्हापासूनचं हे. त्याला कुणी भित्रा म्हटलं की मला फार वाईट वाटतं. त्याच्या शरीरात जे घडतं, त्यातलं बरंचसं त्याच्या हातात नसतंच.

अचानक मोठा आवाज झाला की कानातून निघालेला संदेश मेंदूच्या बुंध्यातल्या मोजक्या चेतापेशींमधून स्नायूंकडे धावतो. साधारण 30 ते 50 मिलिसेकंदांत पापण्या मिटतात, पाठोपाठ मान आखडते, खांदे वर येतात. विचार करायला तेवढा वेळ पुरत नाही. दुसरी वाट भीतीची. जोसेफ लेडू या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1980च्या दशकात उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की आवाजाची वर्दी मेंदूच्या विचारी बाह्यपटलाला वळसा घालूनही अमिग्डाला या बदामाएवढ्या भागापर्यंत पोचू शकते. तिथून धोक्याची सूचना सुटते, अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरतं, छाती धडधडू लागते. म्हणून “घाबरण्यासारखं काय आहे त्यात?” हा प्रश्न मुलाला विचारून उपयोग नाही.

मग उपयोग कशाचा? माझ्या अनुभवात सर्वांत मोठा आधार त्या आवाजाच्या जन्मकथेतच आहे. वीज ज्या वाटेने जाते तिथली हवा क्षणात सुमारे 30,000 अंश सेल्सिअसपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ पाचपट! ती हवा इतक्या झपाट्याने फुगते की दाबाची लाट उठते आणि तीच आपल्याला ऐकू येते. ही वाट कित्येक किलोमीटर लांब, वेडीवाकडी असते. तिच्या जवळच्या भागाचा आवाज आधी पोचतो, लांबच्या भागाचा मागाहून. एका क्षणात झालेला आवाज आपल्याकडे असा तुकड्यातुकड्यांनी येतो. आजी सांगायची, ढगात म्हातारी हरभरे भरडतेय. आवाजाचं इतकं नेमकं वर्णन मला दुसरं सापडलेलं नाही.

प्रकाश लगेच दिसतो, आवाजाला मात्र एक किलोमीटर यायला सुमारे 3 सेकंद लागतात. म्हणजे वीज चमकली की आवाज येणार हे आधीच कळतं, आणि ऐकू येतो तेव्हा ती वीज पडून गेलेली असते. अशी आगाऊ खूण मिळणं मनाला फार मोलाचं असतं. उंदरांना विजेचे सौम्य झटके देऊन केलेल्या प्रयोगांत, ज्यांना झटक्याआधी खूण मिळे त्यांच्या पोटात कमी व्रण आढळले. झटके मात्र दोन्ही गटांना सारखेच होते. म्हणून आम्ही लखलखाट दिसला की मोजतो. नऊवर आवाज आला, तीन किलोमीटर. पुढच्या वेळी पंधरा, म्हणजे ढग लांब चालला.

आकडा कमी होत गेला तर त्याचंही ऐकायचं. तीसच्या आत आवाज आला तर उघड्यावर थांबायचं नाही, झाडाखाली तर नाहीच. भारतात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं दगावतात. शेतात, गुरांमागे असणाऱ्यांची भीती रास्तच आहे. पुण्याच्या ‘आयआयटीएम’ या हवामानशास्त्र संस्थेने बनवलेलं, वीज पडण्याचा इशारा देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप त्यांच्या फोनमध्ये असायलाच हवं. पक्क्या घरात, नळ आणि वायरींपासून दूर बसलेल्या मुलाला मात्र धोका अगदी कमी असतो. हा फरक त्याला नीट समजावून सांगावा.

आमच्याकडे वीज चमकली की अर्जुनाची दहा नावं म्हणत. “अर्जुनः फाल्गुनो जिष्णुः किरीटी श्वेतवाहनः...” श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा, पण एका दमात ओळ म्हणताना उच्छ्वास लांबतो, आणि श्वास सोडताना मेंदूपासून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस चेतातंतूमार्फत हृदयाचे ठोके मंदावतात. पाढे म्हटले तरी चालतील, फक्त सावकाश.

उशीत डोकं खुपसून, कान झाकून बसल्याने त्या रात्रीपुरतं बरं वाटतं, पण मेंदूला ‘लपलो म्हणून वाचलो’ असंच शिकायला मिळतं. याच्या उलट वाट मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1924 साली दाखवली. सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाला आवडीचा खाऊ देत त्यांनी ससा थोडाथोडा जवळ आणला. आज गडगडाटाचं ध्वनिमुद्रण अगदी हळू आवाजात लावून, मूल निवांत झालं की थोडं वाढवत जाता येतं. मोठ्या माणसांनाही हे लागू आहे. भीतीपायी झोप किंवा काम बंद पडत असेल, तर मानसतज्ज्ञांची मदत घ्यावी. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

एक अडचण उरते. अशा सरावाने जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवी शिकवण बसते, आणि मध्ये खूप दिवस गेले की जुनी पुन्हा डोकं वर काढते. ऑक्टोबरात परतीचा पाऊस संपतो, वळीव यायला पुढचा उन्हाळा उजाडावा लागतो. म्हणून यंदा आम्ही गुढीपाडव्यापासूनच सुरुवात केली. रोज दहा मिनिटं, कैरीची फोड हातात, आणि आवाजाचं बटण त्याच्याच बोटाखाली.